घर उबदार करण्याची विद्या आणि ती शिकणारे हात

वैशाखाच्या तोंडावर, डोक्यावर पंखा गरगरत असताना, घर तापविण्याच्या शास्त्राचा इतिहास ऐकावयाचा म्हणजे श्रोत्यांच्या सहनशीलतेची कसोटीच आहे. आपल्याकडे घर तापविण्याचे काम सूर्यनारायण विनामूल्य करतो आणि आपण त्याला त्याबद्दल शिव्या देतो. परंतु ज्या मुलुखांत हिवाळ्यात पारा शून्याखाली दहा-वीस अंश उतरतो, तेथे घरातली ऊब ही चैन नसून जगण्याची अट आहे. त्या मुलुखांतल्या लोकांनी दोन-अडीचशे वर्षांत एक विद्या हळूहळू घडविली. एका ठिकाणी पाणी तापवावयाचे, ते नळांतून घरभर फिरवावयाचे, खोल्याखोल्यांत त्याची उष्णता सोडावयाची आणि निवलेले पाणी पुन्हा तापावयास परत आणावयाचे. हिला आज हायड्रॉनिक तापन म्हणतात. शब्द विसाव्या शतकाच्या मध्यास रूढ झाला, वस्तू त्याहून पुष्कळ जुनी.

आम्ही काही इंजिनीअर नव्हे. कारखान्यांतून कामगार संघटनेचे काम करीत आमचे आयुष्य गेले, आणि जे काही वाचले ते दिवसाची कामे आटोपल्यावर. बॉयलरच्या अपघातांची प्रकरणे हाताळताना बॉयलर म्हणजे काय हे कळल्यावाचून भागेना, म्हणून या वाटेला लागलो. वाचता वाचता यंत्रांपेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीने आमचे लक्ष वेधून घेतले. ही विद्या कोणाची? जो पान्हा फिरवतो त्याची, की जो कागदावर आकडे मांडतो त्याची? या प्रश्नाला धरूनच आम्ही बोलणार आहो.

प्रथम यंत्र समजून घेऊ. त्यासाठी विलायतेला जाण्याची गरज नाही. ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता, त्यांनी बॉयलर पाहिलेलाच आहे. मधोमध उभी नळी, तिच्यात कोळसे किंवा लाकडाच्या ढलप्या, खाली राख पडण्याची जाळी, आणि नळीभोवती चोहोकडून पाणी. अग्नी आत, पाणी बाहेर, मधे धातूचा पातळ पडदा. पाश्चात्त्यांच्या घरांतले बॉयलर कितीही गुंतागुंतीचे झाले तरी मूळ बेत हाच. मात्र आपण बंबातले पाणी अंगावर घेतो आणि ते मोरीतून वाहून जाते. हायड्रॉनिक पद्धतीत तेच ते पाणी वर्षानुवर्षे फिरत राहते. ते हमालासारखे आहे. ओझे उचलावयाचे, पोहोचवावयाचे, रिकाम्या हाताने परत यावयाचे.

हमालाला चालावयास कोण लावतो? तापलेले पाणी हलके होते, निवलेले जड होते. बॉयलर तळघरात ठेवला तर हलके पाणी आपोआप वर चढते आणि जड पाणी परतीच्या नळाने खाली उतरते. पुण्यात गच्च्यागच्च्यांवर सौर बंब दिसतात. त्यांतल्या पुष्कळांत पंप नसतो. काचेच्या नळ्या खाली, टाकी वर, आणि पाणी स्वतःच फिरते. ते हेच तत्त्व. मार्टिन ट्रीवाल्ड नावाच्या स्वीडिश माणसाने इंग्लंडात न्यूकॅसल येथे 1716 साली गरम पाण्याने झाडांचे काचघर उबदार ठेवले होते. 1777 मध्ये पॅरिसजवळ बोनमँ नावाच्या फ्रेंच गृहस्थाने हीच युक्ती कोंबडीची अंडी उबविण्यासाठी वापरली. दोन धातू उष्णतेने कमीअधिक वाढतात या गुणावर चालणारा, विस्तवाची हवा आपोआप कमीजास्त करणारा एक नियंत्रकही त्याने बसविला होता. तेव्हा आधी झाडे, मग कोंबडीची पिले, आणि माणसांचा क्रम त्यानंतर, असा हा इतिहास आहे. भांडवल घालणाऱ्याला अंडे फुकट गेलेले चटकन दिसते, कुडकुडणारा नोकर तितका दिसत नाही.

या विषयावरील आरंभीच्या महत्त्वाच्या इंग्रजी ग्रंथांपैकी एक 1824 साली निघाला. त्याचा कर्ता टॉमस ट्रेडगोल्ड. या माणसापाशी आम्हांला थोडे थांबावयाचे आहे. जन्म 1788, डरहॅम परगण्यातल्या एका खेड्यात. शाळा जुजबी. चौदाव्या वर्षी सुतारकामाच्या उमेदवारीला लागला. उमेदवारी संपल्यावर स्कॉटलंडात काही वर्षे रोजंदारीवर सुतारकी केली. दिवसा रंधा आणि रात्री गणित, असा क्रम. पुढे लंडनमध्ये एका वास्तुशिल्पज्ञाच्या कचेरीत काम मिळाले, आणि मग या सुताराने लाकडाच्या बांधकामावर, ओतीव लोखंडाच्या ताकदीवर आणि इमारती तापविण्यावर असे ग्रंथ लिहिले की पदवीधर मंडळींना ते उघडून बसावे लागले. इंग्लंडातल्या सिव्हिल इंजिनीअरांच्या संस्थेला 1828 साली सनद मिळाली. आपला धंदा म्हणजे नेमके काय, याची व्याख्या संस्थेने लिहून घेतली ती याच माणसाकडून. 1829 च्या जानेवारीत तो वारला. वय चाळीस. अतिश्रमाने शरीर झिजले होते, आणि मागे राहिलेले कुटुंब निष्कांचन.

तापनावरील त्याचे पुस्तक मुख्यत्वे वाफेविषयी आहे, कारण त्या काळी गिरण्यांतून वाफ उपलब्ध होती. परंतु त्यात एक पायंडा आहे. खोलीत किती माणसे, किती खिडक्या, भिंतीतून आणि काचेतून किती उष्णता बाहेर जाते, याचा आधी हिशेब करा आणि मग नळ टाका, असे तो सांगतो. त्यापूर्वीचा रिवाज काय होता? शेजारच्या हवेलीत जेवढे नळ तेवढेच येथे, आणि थंडी वाजली तर आणखी दोन. हिशेब करा, हे सुताराने सांगितले. गणित हे हाताने काम करणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचे आहे असे म्हणणाऱ्यांना आम्ही नेहमी ट्रेडगोल्डचे नाव सांगतो.

यानंतर पर्किन्स. एंजियर मार्च पर्किन्स हा जन्माने अमेरिकन, राहावयास लंडनमध्ये. 1831 साली त्याने एक पेटंट घेतले. इतरांचे नळ मनगटाहून जाड असत, याने आतून अर्ध्या इंचाच्या, जाड पत्र्याच्या बारीक नळ्या वापरल्या. त्या पूर्णपणे बंद, मोकळ्या हवेशी कोठेही संबंध नाही, आणि एक भाग भट्टीत वेटोळे करून ठेवलेला. बंद असल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ वर तापले तरी उकळत नसे. लंडनमध्ये सर जॉन सोन या वास्तुशिल्पज्ञाच्या संग्रहालयात अशी यंत्रणा बसली होती. बेत मोठा हुशारीचा, पण बेताला धार होती. इतक्या तापलेल्या पाण्याचा नळ फुटला तर आतले काही पाणी क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा लागते. शिवाय तापलेल्या नळाला लाकूड लागून राहिले तर ते कोळपते. म्हणजे थोड्या लोखंडात काम भागले खरे, पण चुकीला जागा उरली नाही.

याच पर्किन्सच्या हाताखाली जोसेफ नेसन नावाचा अमेरिकन तरुण शिकला. त्याने परत जाऊन बॉस्टनमध्ये आपला मेहुणा जेम्स वॉलवर्थ याच्याबरोबर नळकामाचा धंदा काढला, आणि अमेरिकेत वाफेने व पाण्याने इमारती तापविण्याचा पाया घातला. पुढे वॉलवर्थच्या कारखान्यात डॅनिएल स्टिल्सन नावाचा एक कामगार होता. गोल नळाला घट्ट पकडणारा पान्हा त्याने तयार केला आणि 1869 साली त्याचे पेटंट मिळविले. आपल्या गावातल्या कोणत्याही नळवाल्याची पिशवी उघडून पाहा, त्याच जातीचा पान्हा सापडेल. आट्यांवर ताग गुंडाळून सफेदा फासणारा आपला माणूस रोज स्टिल्सनचे हत्यार चालवतो.

रेडिएटर, म्हणजे खोलीत खिडकीखाली ठेवलेला पोकळ लोखंडी जाळीचा ठोकळा, सेंट पीटर्सबर्गमध्ये फ्रान्झ सान गाली याने 1855 च्या सुमारास बनविला. हे जाता जाता सांगितले.

आता विद्यापीठांकडे वळू. फ्रान्समध्ये पेक्लेने 1828 साली उष्णतेच्या उपयोगावर मोठा ग्रंथ लिहिला. इंग्लंडात चार्ल्स हूडने 1837 साली खास गरम पाण्याने इमारती तापविण्यावर पुस्तक काढले. परंतु या विद्येला विद्यापीठात स्वतंत्र खुर्ची मिळाली ती 1885 साली बर्लिनमध्ये, आणि तिच्यावर बसला हेर्मान रीट्शेल. याचा बाप नामांकित शिल्पकार. वायमारमध्ये गटे आणि शिलर यांचा जोडपुतळा आहे, तो बापाच्या हातचा. मुलाने पुतळे सोडून नळ धरले, आधी भागीदारीत तापनाचा धंदा केला, आणि मग प्राध्यापक झाला. 1893 साली त्याने जे मार्गदर्शक पुस्तक छापले त्याच्या आवृत्त्या पिढ्यान् पिढ्या निघत राहिल्या. भिंत कशाची, किती जाड, तिच्या एका चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकाला किती उष्णता निसटते, नळात पाण्याला किती अडथळा होतो, हे सारे त्याने प्रयोगशाळेत मोजून कोष्टकांत बसविले.

ही मोठी प्रगती होती, यात शंका नाही. तथापि तिची दुसरी बाजूही पाहावयास हवी. कोष्टके कचेरीत राहिली आणि नळ तळघरात राहिले. पूर्वी एकच माणूस अंदाज करी आणि हातानेच तो खरा-खोटा करी. आता अंदाज करणारा वेगळा आणि हात काळे करणारा वेगळा झाला. कचेरीतल्या माणसाला आपला नळ गुरगुरतो हे ऐकू येत नसे, आणि तळघरातल्या माणसाला तो का गुरगुरतो हे कोणी सांगत नसे. गिरणीत वीव्हिंग मास्तर आणि विणकर यांच्यामध्ये जी भिंत असते, तीच ही.

या भिंतीची किंमत काय पडते? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात ब्रॉक्टन या गावी ग्रोव्हर यांचा बुटांचा कारखाना होता. इमारत चार मजली, लाकडी. 20 मार्च 1905 रोजी सकाळी, कामगार नुकतेच जागेवर बसलेले असताना, बॉयलर फुटला. नवा बॉयलर त्या दिवशी बंद होता म्हणून जुना पेटविलेला होता. तो जमिनीतून उसळून छप्पर फोडून बाहेर गेला, शेजारच्या घरांवर आदळला. मजले एकावर एक कोसळले, आणि अडकलेल्या माणसांना आगीने गाठले. अठ्ठावन्न माणसे मेली, सुमारे दीडशे जखमी झाली. कित्येक प्रेतांची ओळखसुद्धा पटली नाही. पत्रे एकमेकांवर चढवून जेथे रिव्हेट मारतात, त्या सांध्यात आत चीर गेली होती, आणि ती बाहेरून दिसण्यासारखी नव्हती.

त्यानंतर मॅसॅच्युसेट्सने बॉयलरचे नियम केले, आणि 1914 मध्ये अमेरिकेच्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलरची संहिता पुरी केली. आपल्याकडची कथा वेगळी नाही. 1863 साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसे मेली तेव्हा बंगालात 1864 चा कायदा झाला. सर्व देशासाठी कायदा व्हावयास 1923 साल उजाडले, आणि 2025 मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. कायदा आधी आणि अपघात मागाहून, असे उदाहरण आम्ही शोधतो आहो, अजून सापडले नाही. आणि कायदा असूनही काय चालते ते आम्ही पाहिले आहे. कपडा रंगविण्याच्या एका कारखान्यात सेफ्टी व्हॉल्व्ह वारंवार उडतो म्हणून त्याच्या दांड्याला वजन लटकविलेले होते. आगवाल्याला विचारले तर तो म्हणाला, "साहेब, वर सांगितलं होतं, ते म्हणाले तू आग बघ." आग बघ म्हणजे दाब बघू नको.

गरम पाण्याची घरगुती यंत्रणा वाफेपेक्षा सौम्य असते, कारण तिच्यात पाणी उकळू द्यावयाचे नसते. पण तीही निष्काळजीपणा खपवून घेत नाही. पाणी चार अंशांपासून उकळीपर्यंत तापवले तर ते सुमारे चार टक्के फुगते. चार टक्के ऐकावयास क्षुल्लक वाटते. पण पाणी दाबून लहान होत नाही. बंद, तोंडापर्यंत भरलेल्या यंत्रणेत त्या चार टक्क्यांना जागा ठेवली नाही, तर ते स्वतः जागा करून घेतात, लोखंड फाडून. म्हणून हवेची उशी असलेली एक टाकी जोडावी लागते. ती किती मोठी हवी, हा हिशेब ज्याला येत नाही त्याने यंत्रणेला हात लावू नये.

हिशेबाची गोष्ट निघाली आहे, तर एक करूनच पाहू. कडाक्याच्या थंडीत एका खोलीतून दोन किलोवॅट उष्णता बाहेर जाते असे धरा, म्हणजे आपल्याकडच्या विजेच्या एका गीझरएवढी. पाणी खोलीत शिरताना जितके गरम होते त्याहून दहा अंश निवून बाहेर पडते असे ठरवा. मग त्या खोलीला मिनिटाला किती पाणी लागेल? तीन लिटरांहून किंचित कमी. तीन तांबे म्हणा. हेच काम हवेने करावयाचे, तर त्याच दहा अंशांच्या फरकाला मिनिटाला दहा हजार लिटर हवा फिरवावी लागेल. यावरून पाणी हा किती ताकदीचा हमाल आहे हे ध्यानात येईल. बोटाएवढ्या नळाने जे होते त्याला हवेचा पेटाराच लागतो.

आता हे तीन तांबे ढकलणार कोण? पाणी जाताना ऐंशी अंश आणि येताना साठ, आणि बॉयलर व रेडिएटर यांच्यात तीन मीटर उंची, असे धरले तर हलक्या-जड पाण्याच्या फरकाने मिळणारा जोर अवघा साडेतीन सेंटिमीटर उंचीच्या पाण्याएवढा असतो. एवढ्याशा जोरावर पाणी चालावयाचे तर नळ जाडच हवेत, कारण नळाचा व्यास निम्मा केला की त्याच प्रवाहाला अडथळा सुमारे तीस पट होतो. म्हणूनच जुन्या कारागिरांनी जाड नळ टाकले, ते हळुवार चढाने वर नेले, आणि कोठेही हवा अडकणार नाही अशी वळणे दिली. त्यांच्यापाशी चुकीला फक्त साडेतीन सेंटिमीटरांची मुभा होती. ती कामे शंभर वर्षे चालली. आम्हांला त्यांची नावे ठाऊक नाहीत, कारण नळावर कोणी सही करीत नाही.

मग पंप आला. जर्मनीत डॉर्टमुंडच्या विल्हेल्म ओप्लेंडरने 1928 साली नळातच बसणारा, पाण्याला गती देणारा पंप काढला. आजचा घरगुती पंप सहज चार-पाच मीटर उंचीच्या पाण्याएवढा जोर देतो, म्हणजे जुन्या जोराच्या शंभरपटीहून अधिक. नळ बारीक झाले, वाटेल तसे वळू लागले. लोखंड वाचले, मजुरी वाचली. आणि एक तोटाही झाला. पंपाच्या जोरावर वाईट आराखडासुद्धा कसाबसा चालू लागला. मोठा पंप बसवा म्हणजे झाले, अशी वृत्ती वाढली. प्रवाह दुप्पट करावयाचा तर अडथळा जवळजवळ चौपट होतो, विजेचे बिल त्याहूनही चढते, आणि बॉयलरजवळची खोली भाजून निघत असता टोकाची खोली थंडच राहते. अज्ञान झाकावयास ताकद हाताशी आली की अज्ञान फार दिवस टिकते. संघटनेच्या कामातही आम्ही हे पाहिले आहे, पण तो विषय आजचा नव्हे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत घरांची टंचाई होती. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर लेव्हिट कंपनीने 1947 ते 1951 या काळात सतरा हजारांवर घरे उभारली. कारखान्यात माल पट्ट्यावरून सरकतो, येथे माल स्थिर आणि मजुरांच्या टोळ्या सरकत्या. एक टोळी फक्त एकच काम करी आणि पुढच्या घराकडे जाई. जमिनीच्या काँक्रीटमध्ये तांब्याच्या नळ्या गाडून त्यांतून गरम पाणी फिरवीत, म्हणजे पायाखालची फरशीच उबदार. ही कल्पना नवी नव्हती. कोरियात ओंडोल नावाची, फरशीखालून धूर नेणारी पद्धत शतकानुशतके आहे. वास्तुशिल्पज्ञ फ्रँक लॉइड राइट याने तशी खोली जपानमध्ये अनुभवली आणि पुढे विस्कॉन्सिनमध्ये जेकब्ज यांच्या घरात, 1937 मध्ये, जमिनीखाली नळ घातले. लेव्हिटने ती वस्तू युद्धावरून परतलेल्या शिपायाच्या घरात नेली, हे कबूल करावयास हवे. पण लेव्हिटने युनियनचे मजूर ठेवले नाहीत, आणि करारात काळ्या माणसाला घर न देण्याचे कलम होते. पुढे काही वर्षांनी पुष्कळ घरांतल्या नळ्या काँक्रीटमध्ये गळू लागल्या. फरशी फोडून गळती शोधण्यापेक्षा भिंतीलगत नवे रेडिएटर लावणे लोकांना परवडले. गळतीचे कारण युनियन नसणे हे होते असे आम्ही म्हणणार नाही. काँक्रीटमध्ये तांबे कुजते आणि फरशीच्या हालचालीने तडकते, त्याला कोणतीही युनियन काय करणार. पण एवढे खरे की ज्याने नळी गाडली तो दुसऱ्या तासाला पुढच्या घरी होता, आणि त्याच्या कामाचे पुढे काय झाले हे त्याला कळण्याची सोयच नव्हती. शिकावयाचे तर आपली चूक आपल्याला भेटावी लागते.

1954 हे साल या कथेत महत्त्वाचे आहे. त्या वर्षी शिकागोजवळ मॉर्टन ग्रोव्ह येथे पंप बनविणाऱ्या बेल अँड गॉसेट कंपनीने एक शाळा काढली. नाव ठेवले लिटल रेड स्कूलहाउस, म्हणजे लहान तांबडी शाळा. इंजिनीअर, कंत्राटदार, फिटर सर्वांनी यावे आणि पाण्याच्या यंत्रणा आखावयास शिकावे. त्याच कंपनीतल्या गिल कार्लसनने त्याच वर्षी एक युक्ती मांडली. एकाच यंत्रणेत अनेक पंप लावले की ते एकमेकांशी भांडतात. एक जोरात चालला की दुसऱ्याच्या वाटचे पाणी ओढतो. कार्लसन म्हणाला, मुख्य नळाचे एक कडे करा, त्याला त्याचा पंप द्या. प्रत्येक शाखा त्या कड्याला दोन टी-जोडांनी जोडा, पण ते दोन टी एकमेकांच्या अगदी लगत ठेवा. दोहोंमधले अंतर इतके थोडे की तेथे दाब जवळजवळ घटतच नाही. दाबाचा फरक नाही, तर मुख्य पंप शाखेतून पाणी ढकलू शकत नाही, आणि शाखेचा पंप मुख्य कड्याला हलवू शकत नाही. शाखेला पाहिजे तेव्हा ती आपल्या पंपाने हवे तेवढे पाणी उचलते. दोन जोड वीतभर जवळ आणण्याने भांडण मिटले. ही युक्ती कळावयास कॉलेज लागत नाही. आणि एकदा कळली की पान्हा हातात असलेला माणूस स्वतः आराखडा करू लागतो.

कंपनीने शाळा का काढली? पंप खपावेत म्हणून, हे उघड आहे. पण कोष्टके कचेरीच्या कपाटातून काढून फिटरच्या हातात दिली, एवढ्यापुरते त्या मालकांना आम्ही श्रेय देऊ. आमच्या बाजूचे काय? अमेरिकेतल्या नळ-कामगारांची संघटना 1889 साली स्थापन झाली. उमेदवारीची पाच वर्षांची शिस्त तिने उभी केली, आणि त्याच 1954 मध्ये उमेदवारांना शिकविणाऱ्या शिक्षकांचे उन्हाळी वर्ग पर्ड्यू विद्यापीठात सुरू केले. फिटर विद्यापीठाच्या बाकावर बसला, तोही मालकाच्या दयेने नव्हे, आपल्या वर्गणीच्या जोरावर. हे वाचून आमची छाती फुगली होती.

परंतु सगळे सांगावयाचे तर हेही सांगितले पाहिजे. 1964 साली न्यूयॉर्कमध्ये ब्राँक्सच्या बाजाराच्या बांधकामावर एक काळा आणि तीन पोर्टो रिकन प्लंबर कामावर आले, तेव्हा त्याच संघटनेच्या दोन क्रमांकाच्या शाखेचे सभासद काम सोडून निघून गेले. सबब अशी की ते चौघे युनियनचे नाहीत. पण त्यांना युनियनमध्ये घेण्याची वाट कोणी बंद ठेवली होती? उमेदवारीची जागा बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे जात होती. देशाच्या सर्व कामगारांचा पुढारी जॉर्ज मीनी याच शाखेतून वर आला होता, आणि त्याने शाखेचीच बाजू घेतली. विद्या कचेरीच्या कपाटात कोंडली काय किंवा जातभाईंच्या पेटीत कोंडली काय, बाहेर उभ्या असलेल्याला दोन्ही कुलुपे सारखीच. आपल्या गिरण्यांत विणकामाच्या खात्याची दारे दलित कामगारांना बंद होती. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागतो, म्हणून विटाळाची सबब. त्याची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही.

गेल्या पन्नास वर्षांत या विद्येचे रूप पुन्हा पालटले. 1970 च्या दशकापासून युरोपात लवचिक, उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्या फरशीखाली घालू लागले, आणि काँक्रीटमधल्या तांब्याचा प्रश्न सुटला. रेडिएटरवर बसून खोलीच्या हवेप्रमाणे स्वतःच उघडझाप करणारा व्हॉल्व्ह डेन्मार्कच्या मॅड्स क्लाउसेनने 1943 मध्येच काढला होता, तो घरोघर गेला. अमेरिकेत जॉन सीगन्थेलर या शिक्षकाने 1995 साली आधुनिक हायड्रॉनिक तापनावर जे जाडजूड पाठ्यपुस्तक लिहिले, ते तंत्रशाळेतल्या मुलाला आणि काम करणाऱ्या फिटरला समोर ठेवून. हिशेब सगळा आहे, पण पायरीपायरीने.

आणि जुने नियम उलटे झाले. पूर्वी बॉयलरमध्ये परतणारे पाणी पंचावन्न-साठ अंशांखाली जाऊ देऊ नका, असे शिकवीत. नाहीतर धुरातली वाफ आत निवून लोखंड खाते. आजचे बॉयलर नेमकी तीच वाफ निवविण्यासाठी बांधलेले असतात, कारण तिच्यात दडलेली उष्णता पूर्वी धुराड्यातून फुकट जाई. म्हणजे परतीचे पाणी थंड हवे. हीट पंपाचेही तेच. पाणी जितके कोमट चालेल तितकी वीज कमी. पण कोमट पाण्याने रेडिएटर किती उष्णता देईल? वीस अंशांच्या खोलीत सत्तर अंशांचा रेडिएटर जेवढी देतो, त्याच्या एक-तृतीयांशाहून कमी तोच रेडिएटर चाळीस अंशांना देतो. म्हणजे भिंती आधी राखा, खिडक्या बुजवा, रेडिएटर मोठे करा किंवा सारी फरशीच रेडिएटर करा, आणि मग हीट पंप आणा. जुना बॉयलर काढून त्या जागी हीट पंप ठेवून निघून जाणारा फिटर घरमालकाला थंडीत आणि कर्जात एकदमच लोटतो. चूक यंत्राची ठरते आणि हिशेब कोणी केला हे कोणी विचारीत नाही.

आपल्याकडे हे सारे कशाला, असे मघापासून ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी. हैदराबादला इन्फोसिस कंपनीने 2011 साली एक कचेरी उभारली. तिचे दोन सारखे भाग केले. एकात नेहमीची हवा फिरविणारी वातानुकूलन यंत्रणा, दुसऱ्यात काँक्रीटमध्ये गाडलेल्या नळ्यांतून थंड पाणी. पाण्याच्या भागाला वीज सुमारे एक-तृतीयांशाने कमी लागली. तीच विद्या, फक्त हमाल आता उष्णता आत आणण्याऐवजी बाहेर नेतो. भिंतींचा हिशेब तोच, नळाचा अडथळा तोच, मिनिटाला तांबे किती तेही तसेच मोजावयाचे.

एक गोष्ट मात्र नवी. मुंबईत जुलैमध्ये हवा तीस अंश आणि दमटपणा ऐंशी टक्के असला, तर सव्वीस अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही पृष्ठभागावर दव धरते. अशा वेळी अठरा अंशांचे पाणी छतात सोडले तर छताला घाम फुटेल आणि खालच्या टेबलांवरच्या कागदांवर थेंब पडू लागतील. हवा आधी कोरडी करावयाची आणि मगच पाणी सोडावयाचे. पावसाळ्याच्या पहिल्या सकाळी तो व्हॉल्व्ह उघडणारा माणूस बहुधा कंत्राटी असेल, महिन्यापूर्वी लागलेला असेल, आणि दवबिंदू म्हणजे काय हे त्याला कोणी सांगितलेले नसेल.